वेळ आहेच, तर कूपनं काप!

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त अगदी घरगुती आहे, पण गेले चार दिवस डोक्यातून जात नाहीये, तेव्हा एकदाचं उतरवून मोकळी होते. नातेवाईक मंडळी इथे अधूनमधून डोकावतात हे मला ठाऊक आहे. डोकवा. आजचं तुमच्यासाठीच आहे.

तर झालं असं, की आमची भाचेसून मार्चमध्ये इकडे न्यू जर्सीत आली. सातार्‍याला चार वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेली दातांची डॉक्टर. नवरा एच-१ वर, म्हणून ही एच-४ वर. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या व्हिसावर राहता येतं, शिकता येतं, गाडी चालवता येते, फक्त काम करून पगार घेता येत नाही. २०१५ साली नियम थोडा सैल झाला, पण तो नवर्‍याच्या ग्रीन कार्डाचं काम एका ठरावीक टप्प्याला पोचलं असेल तरच. यांचं तर अजून सुरूही झालेलं नाही.

तिने घरच्या ग्रुपवर साधा प्रश्न टाकला. "इथे किराण्याचं बिल बघून धडकी भरते. सगळे कूपनं वापरतात म्हणे. सुरुवात कशी करायची?" अर्ध्या तासात उत्तरांचा नुसता पाऊस. कुणी पाच अ‍ॅपची नावं दिली, कुणी एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई आपल्या तळघरातल्या टूथपेस्टच्या भिंतीसमोर उभी राहून हे सगळं फुकट मिळालं म्हणून सांगत होती. (तीनशे टूथपेस्ट! दातांच्या डॉक्टरला पाठवायला अगदी योग्य.) आणि मग ते वाक्य आलं. "तुला काय, वेळच वेळ आहे! बस कापत कूपनं. आम्ही नाही का केलं?"

त्यावर चार अंगठे पडले. त्यातला एक माझा होता.

सवयीने दिला हो. ओटा पुसत होते, फोन वाजला, अंगठा दाबला. रात्री भांडी लावताना ते वाक्य परत आठवलं आणि आपण कशाला मान डोलावली हे लक्षात आलं. तो अंगठा मी जाहीरपणे मागे घेतेय. ही सगळी पोस्ट म्हणजे तोच अंगठा मागे घेणं आहे.

आधी हे सांगायला हवं की मी काही कूपनांच्या नावाने नाक मुरडणार्‍यांतली नाही. १९९९ ते २००४ ही पाच वर्षं मी पक्की कूपनवाली होते. रविवारचा 'स्टार-लेजर' यायचा तो उशीएवढा जाड. बातम्यांचा भाग नवर्‍याकडे, आणि मधल्या गुळगुळीत रंगीत पुरवण्या माझ्याकडे. चहा व्हायच्या आत कात्री हातात. अकॉर्डियनसारखी उघडणारी एक निळी फाइल होती, तिला कप्प्यांवर मराठीत चिठ्ठ्या: साबण, सिरियल, कागदी, दात-केस, औषधं, किरकोळ. बुधवारी दुकानांची जाहिरातपत्रकं यायची, ती पुढ्यात घेऊन कुठलं कूपन कुठल्या सेलला लागतं त्या जोड्या जुळवायच्या. तेव्हा इथली दुकानं छोट्या रकमेची कूपनं दुप्पट करून द्यायची. म्हणजे कंपनीचं पन्नास सेंटचं कूपन असेल तर वरचे पन्नास दुकान स्वतःच्या खिशातून घालायचं. जानेवारीत शॉपराइटचा 'कॅन कॅन सेल' लागला की आमच्या घरात टोमॅटोच्या डब्यांची उतरंड लागायची. एका वस्तूवर एक कूपन कंपनीचं आणि एक दुकानाचं अशी दोन्ही लावता येतात, सेलचा माल संपला असेल तर काउंटरवरून चिठ्ठी मागायची म्हणजे पुढच्या आठवड्यात त्याच भावाने मिळतो, हे सगळं मला पाठ होतं. नवीन आलेल्या मुलींना मीच शिकवायचे.

पावतीच्या तळाशी एक ओळ असायची, आज तुम्ही इतके वाचवलेत. ती मी पेनने गोल करून फ्रीजवर लावायचे. का लावायचे ते तेव्हा मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. डोंबिवलीत असताना मी एका सहकारी बँकेत नोकरी करत होते. एम.कॉम. आहे. दर महिन्याला पगाराची स्लिप हातात यायची. इकडे आल्यावर स्लिप बंद झाली, आणि ती गोल केलेली ओळ हीच माझी स्लिप झाली. बावीस डॉलर चाळीस सेंट. माझे.

आता हिशोब सांगते. बँकेतली खोड, वही ठेवलेली होती, अजून आहे. २००१ सालच्या जानेवारीत, म्हणजे सगळ्यात चांगल्या महिन्यात, मी ४१ डॉलर ६० सेंट वाचवले. रविवारचे दोन तास, बुधवारचा एक, आणि दोन जास्तीच्या दुकानांत गाडी काढून जाण्याचा एक, असे आठवड्याला चार. महिन्याचे सोळा. म्हणजे तासाला २ डॉलर ६० सेंट. त्या वेळी या देशाचं किमान वेतन तासाला ५ डॉलर १५ सेंट होतं. बर्गर उलटणार्‍या सोळा वर्षांच्या पोराच्या निम्म्या दराने एक एम.कॉम. बाई काम करत होती, आणि तिला वाटत होतं आपण घराला हातभार लावतोय.

बरं, हे ४१ डॉलरसुद्धा खरे नव्हेत. त्यातला निम्मा माल असा, की कूपन नसतं तर मी तो घेतलाच नसता. साखरेत घोळलेली सिरियल, मायक्रोवेव्हमध्ये फुगणारे पिझ्झाचे तुकडे, फरशीवर मारायचा लिंबाच्या वासाचा फवारा. दोन डॉलरची वस्तू एकाला मिळाली म्हणून एक वाचला, असं पावती म्हणते. घरी नको असलेली वस्तू आणायला एक डॉलर गेला, असं वही म्हणते. मी पाच वर्षं पावतीचं ऐकलं.

आणि आपल्या स्वयंपाकघराचं बिल कशाचं असतं? तूरडाळ, तांदूळ, कणीक, तेल, दूध, कांदे, कोथिंबीर, मेथी. यातल्या कशाला कूपन निघतं ते मला दाखवा. कूपन काढते कंपनी, तेही ज्या मालात तिला भरपूर नफा आहे आणि ज्याचं नाव तुमच्या तोंडी बसावं अशी तिची इच्छा आहे, त्यावर. कोथिंबिरीच्या जुडीला कंपनी नसते. ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांत पत्रकावर भाव उतरतात, तो सरळ सगळ्यांना उतरलेला भाव असतो. त्यासाठी काही कापावं लागत नाही. तेव्हा ज्या घरात दोन वेळ भाजी-पोळी-आमटी होते त्या घराला कूपनांनी किराणा निम्मा होईल असं सांगणं म्हणजे शुद्ध थाप आहे. त्या व्हिडिओतल्या बायकांचं होतंही असेल. त्यांचा किराणा डब्यातला आणि पाकिटातला असतो.

मग कूपन ही चीज आहे तरी काय?

सुरुवातीला ती अगदी सरळ होती. १८८७ साली कोका-कोलावाल्यांनी एक पेला फुकट मिळण्याच्या चिठ्ठ्या वाटल्या. आमचा माल चाखून बघा, एवढंच म्हणणं. याला माझी काही हरकत नाही. आमच्याकडे भेळवाला पण पहिली पुरी हातावर ठेवतो. पण पुढे नवा माल चाखवण्यापुरतं ते राहिलं नाही. तोच साबण, तोच डबा, वर्षानुवर्षं घरात असलेला, त्यालाच कूपन. असं का? कंपनीला भाव कमीच करायचा असेल तर तिने डब्यावरची किंमत उतरवावी की. कागद छापा, पेपरात घाला, लोकांनी कापावा, दुकानाने गोळा करावा, मग त्याच्या गठ्ठ्यांचा प्रवास. वर्षानुवर्षं ही कापलेली कूपनं मेक्सिकोच्या सीमेजवळच्या शहरांत जायची, तिथे बायका ती हाताने निवडायच्या, मग कंपनी दुकानाला पैसे भरायची आणि वर प्रत्येक कागदामागे आठ सेंट हाताळणीचे. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

कारण उतरवलेली किंमत सगळ्यांना मिळते. कूपन सगळ्यांना मिळत नाही, म्हणजे मिळतं, पण सगळे ते वापरत नाहीत, आणि कंपनीला तेच हवं असतं. २०१० साली अमेरिकेत सुमारे ३३२ अब्ज कूपनं वाटली गेली आणि वापरली गेली ३.३ अब्जांच्या आसपास. शंभरात एक. हे अपयश वाटतं ना? अजिबात नाही. ही गाळणी आहे. ज्याला डॉलरची फिकीर नाही तो पूर्ण भाव देऊन जातो. ज्याला आहे, आणि जो त्या डॉलरसाठी अर्धा तास घालवायला तयार आहे, त्याला थोडा कमी भाव. त्याला तेवढाही दिला नाही तर तो शेजारच्या कंपनीचा डबा उचलेल, म्हणून. चक्रवर्ती नरसिंहन नावाच्या आपल्याकडच्याच एका प्राध्यापकांनी १९८४ साली 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात हाच विचार रीतसर गणित घालून मांडला होता. गणित मला झेपलं नाही, पण मतितार्थ माझ्या वहीत होताच: कूपन माणसाला विचारतं, तुझ्या वेळाची किंमत किती? आणि जो सगळ्यात कमी सांगेल त्याला सूट देतं.

आता "तुला काय, वेळच वेळ आहे" हे वाक्य पुन्हा वाचा.

एका डॉक्टर मुलीला, जिचा वेळ सरकारने कागदावर बिनकिमतीचा ठरवलाय, तिच्या घरचेच सांगताहेत की हो, तो बिनकिमतीचाच आहे, तेव्हा त्याची साबणाच्या पावडरीशी अदलाबदल कर. इथे दात तपासायचा परवाना हवा तर आधी मोठी परीक्षा आणि मग बहुतेकांना पुन्हा कॉलेजात दोन-तीन वर्षं. सोळा तास महिन्याला म्हणजे वर्षाचे १९२ तास. त्या परीक्षेचा बराच भाग १९२ तासांत उरकतो. हे ग्रुपवर कुणी लिहिलं नाही. मीही नाही. अंगठा दाखवला.

तुम्ही म्हणाल, काय एवढं, काटकसर शिकवली तर चुकलं कुठे? आपल्याकडे काय बायका भाजीवाल्याशी घासाघीस करत नाहीत? करतात. मी पण करते. पण घासाघीस समोरासमोर होते, आणि दोघांचाही वेळ जातो. तिला माहीत असतं की मी उठून पलीकडच्या गाळ्यावर जाईन. इथे समोर कुणी नाही. तुम्ही एकट्याच टेबलाशी बसून कंपनीने आखलेल्या रेषेवरून कात्री चालवता. त्या कागदावर अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, रोख किंमत १/१०० सेंट. कधी काळी काही राज्यांनी दुकानांच्या बक्षीस-तिकिटांना रोख किंमत असलीच पाहिजे असा कायदा केला होता, त्याचं हे राहिलेलं शेपूट. पण मला ते फार प्रामाणिक वाक्य वाटतं.

माझ्या विरुद्ध जाणारी एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. १९९६ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलने न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो, रॉचेस्टर आणि सिरॅक्यूज या भागांत कूपनं बंद करून बघितली. दोन टक्केसुद्धा कुणी वापरत नाही, त्यापेक्षा किमतीच उतरवतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या हिशोबाने लोकांनी पेढे वाटायला हवे होते. लोकांनी निषेध केला, सह्यांच्या मोहिमा काढल्या, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने चौकशी लावली, कारण इतर कंपन्या आणि एक दुकानही संगनमताने यात आहेत असा संशय होता. १९९७ साली तडजोड झाली, आणि ग्राहकांना भरपाई काय मिळाली? ४२ लाख डॉलरची कूपनं! :-) पुढे २०१२ साली जे. सी. पेनी या कपड्यांच्या दुकानांच्या नव्या प्रमुखाने कूपनं आणि खोटे सेल काढून टाकले, रोज एकच सरळ भाव ठेवला. वर्षात विक्री पाव हिश्शाने घसरली आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याची नोकरी गेली. कूपनं परत आली.

तर लोकांना कूपनं हवी असतात. मला पण हवी होती. त्या लोकांना हसायचा मला अधिकार नाही. फ्रीजवर पावती लावणारी मी. हातातला कागद देऊन डॉलर परत मिळतो तेव्हा आपण जिंकलो असं वाटतं, आणि उतरवलेली किंमत कुणालाच जिंकल्यासारखं वाटू देत नाही. शिवाय बफेलोतल्या त्या लोकांचा एक संशय रास्तच होता: कूपन गेलेलं दिसतं, किंमत खरंच उतरली का हे कोण बघणार? पण म्हणून ही काटकसर ठरत नाही. ज्या बाईला दिवसभरात दुसरीकडे कुठे जिंकायला मिळत नाही, तिला हा खेळ फार लवकर लागतो. हे मी स्वतःवरून सांगतेय.

काटकसर मी दुसरीकडे बघितली आहे. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. १९७५ साली सुरू झालेली संस्था. आमच्या आजूबाजूच्या घरांचा मिळून एक संघ. महिन्याची यादी भरून द्यायची, सगळ्या संघांची मागणी एकत्र करून पंचायत घाऊक खरेदी करायची, आणि माल संघातल्या एका घरी उतरायचा. आमच्याकडे उतरायचा त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसायची, आणि गूळ-धने-साबण असा एक मिश्र वास दोन दिवस जायचा नाही. वेळ तिथेही लागायचा. आई यादी जुळवत बसायची, बेरजा करायची, एखादी बाई आजारी असेल तर तिचं सामान आम्ही पोरं पोचवून यायचो. पण त्या बाईला भाव तोच पडायचा. बेरीज करणारीला आणि अंथरुणावर असलेलीला, दोघींना. घरी बसून कागद कापलेस का, असं तिला कुणी विचारत नव्हतं. हे इथे कुणाला सुचवलं की लोक माझ्याकडे मी समाजवादी पक्षाची प्रचारक असल्यासारखं बघतात, पण कॉस्ट्कोची पंचवीस पौंडांची तांदळाची गोण दोन घरांत वाटून घ्यायला कुणाच्या बापाची बंदी आहे? आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही तिघी मैत्रिणी ते वर्षानुवर्षं करतोय.

असो. भाचेसुनेने विचारलं होतं सुरुवात कशी करायची, आणि मी भाषण देत बसलेय. तर ऐक बाई.

पहिला महिना काही कापू नकोस, कुठलं अ‍ॅप घेऊ नकोस. एक वही घे. तुमच्या घरात खरोखर लागतात त्या वीस वस्तू लिही, आणि दोन-तीन दुकानांत त्यांचा भाव काय ते तारखेसकट लिही. आपल्याकडच्यासारखी एमआरपी इथे पाकिटावर छापलेली नसते; दुकान त्याला वाटेल तो भाव लावतं, आणि त्याच डब्याचा भाव दोन महिन्यांत वर जाऊन खाली येतो. तो खाली कधी येतो हे वहीत दिसायला लागलं की अर्धी लढाई संपली. फळीवरच्या चिठ्ठीत मोठ्या आकड्याच्या बाजूला बारीक आकडा असतो, औंसाला किंवा पौंडाला किती. न्यू जर्सीत तो लावायचा कायदाच आहे. मोठा आकडा वाचूच नकोस. बारीक वाच. पाच डॉलरच्या नामांकित सिरियलवर एक डॉलरचं कूपन लावून ती चारला पडली, आणि शेजारी दुकानाच्या स्वतःच्या नावाची तीच सिरियल पावणेतीनला पडलीय, असं तुला पंधरा वेळा दिसेल.

मग दुसर्‍या महिन्यापासून, फक्त त्या वीसातल्या ज्या वस्तूंना कूपन निघतं त्यांच्यापुरतं. माझ्या अनुभवात ती पाच-सहाच निघतात: कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, दाढीची पाती, डोकेदुखीच्या गोळ्या, आणि पुढेमागे घरात बाळ आलं तर डायपर. डायपरला मात्र कूपन खरंच सोन्यासारखं आहे, तिथे मी माझे सगळे शब्द मागे घेते. कूपन मिळालं त्याच दिवशी वापरू नये. कंपनी ते पूर्ण भावाच्या आठवड्यात हातात देते. भाव पडेपर्यंत थांबायचं, मुदत संपली तर संपली, रडायचं नाही. पावडरीवर कंपनीचं कूपन लावलंस तरी विक्रीकर मूळ किमतीवरच लागतो, त्यामुळे पावतीशी हुज्जत घालू नकोस, मी घातली होती. आणि आठवड्याला वीस मिनिटं. घड्याळ लावून. एकविसाव्या मिनिटाला पुस्तक उघड.

एवढ्याने महिन्याला पंधरा-वीस डॉलर वाचतील. जास्त नाही. ज्यांना दोनशे वाचतात ते काय विकत घेतात ते आधी बघ.

हे सगळं लिहून झालं असं वाटलं होतं, पण सासूबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

हल्ली कात्री गेलीच आहे. 'स्टार-लेजर'चा छापील अंक २ फेब्रुवारी २०२५ ला, रविवारीच, शेवटचा निघाला. कूपनं फोनात गेली. दुकानाच्या अ‍ॅपमध्ये जा, खातं उघड, प्रत्येक सवलतीवर बोट ठेवून ती आपल्या कार्डावर चढव, मग काउंटरवर नंबर सांग. वेळ कमी लागतो म्हणतात. थोडा कमी लागतो खरा, पण आता वेळाबरोबर तुम्ही काय खाता, किती वेळा खाता, कुठल्या वारी खाता हेही त्यांना द्यायचं. आणि गाळणीची भोकं वेगळी झालीत. पूर्वी ज्याला वेळ होता तो खाली पडायचा. म्हातारी माणसं तर यात पटाईत. माझ्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या आजींकडूनच मी अर्ध्या युक्त्या शिकले. आता त्याच आजी वर अडकतात.

आमच्या सासूबाई ब्याऐंशी वर्षांच्या. कोपर्‍यावरच्या दुकानात स्वतः चालत जातात, पाकिटात मोजून नोटा, तेवढंच त्यांचं स्वातंत्र्य. मागच्या महिन्यात त्यांनी कॉफीची बरणी आणली. फळीवर मोठ्या पिवळ्या चिठ्ठीवर ६.९९ होतं. काउंटरवर ९.९९ लागले. त्या काही बोलल्या नाहीत, तीन डॉलर जास्तीचे काढून दिले आणि घरी आल्या. मला चार दिवसांनी सांगितलं, तेही असं: "अगं, हल्ली माझी नजर फार बिघडलीय. डॉक्टरांना दाखवायला हवं." मी दुकानात जाऊन बघितलं. ६.९९ च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, डिजिटल कूपनसह. त्यांच्या नजरेला काहीही झालेलं नाही. पिशवीला टेकून चार दिवस त्या बाईला वाटत राहिलं की आपलंच चुकलं.

पाच वर्षांच्या माझ्या कापाकापीत वाचलेले सगळे डॉलर अशाच कुणाकडून तरी आलेले होते. जी पूर्ण भाव देऊन गेली तिच्याकडून. तेव्हा ती मला दिसत नव्हती. आता ती माझ्याच घरात सोफ्यावर बसून टीव्ही बघतेय.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहराने २०२५ साली नियम केला, की जी सवलत फोनवर देता ती मागेल त्याला कागदावरही द्या. आमच्या इथेही व्हावा असं वाटत असेल तर लोकप्रतिनिधीला पत्र लिहायला अर्धा तास लागतो. एका रविवारच्या कात्रीकामाच्या पाव हिस्सा. मी माझं लिहिलंय. ज्यांनी त्या वाक्यावर अंगठा दिला त्या बाकी तिघांना मसुदा पाठवते, इथल्या वाचणार्‍यांतही कुणाला हवा असेल तर कळवा.

आणि हो, माझी निळी फाइल भाचेसुनेने मागितली आहे. द्यायला काढली तर 'दात-केस'च्या कप्प्यात शाम्पूची तीन कूपनं निघाली, २००४ च्या ऑगस्टची मुदत. ती काढून टाकली. ती त्या कप्प्यांत परीक्षेच्या नोट्स ठेवणार म्हणते. चिठ्ठ्या तशाच राहू देत म्हणाली, 'दात' चालेल.

सासूबाईंची बरणी तळाला आलीय. शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत, माझा फोन घरी ठेवून. त्या ६.९९ मोजून देतील, आणि पुढचं मी बोलेन.